व्याजाच्या रकान्यातली मुलगी

पप्पा,

परवा धाकटीच्या शैक्षणिक कर्जाचं व्याज माझ्या विवरणपत्रात दाखवायला गेले, तर ते दाखवता येत नाही असं कळलं. तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत होती. आता फार्मसीला आहे. कर्ज आम्हा दोघींच्या नावावर आहे, हप्ता मी भरते. सावेडीतल्या तुमच्याच करसल्लागारांनी कागद पाहून मान हलवली. "बहीण बसत नाही ताई यात. स्वतःचं, नवऱ्याचं, नाहीतर मुलांचं शिक्षण. कायद्यानं पालक असाल तर गोष्ट वेगळी, पण ही सज्ञान आहे." धाकटी शेजारीच होती. "म्हणजे सरकारच्या लेखी मी हिची कुणीच नाही," ती म्हणाली. "बरं झालं, आजपासून भांडी हिची ही घासेल." ते हसले. मीही हसले. पण हा नियम मला आधीच माहीत असायला हवा होता. तुम्हाला नियम समजावणारी मीच होते.

जुलैतला रविवार. चर्चहून आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरता, कारण पंखा तिथला चांगला. वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात एकेक रकाना वाचता. भविष्य निर्वाह निधी, विमा, मग जरा थांबून, "मुलीच्या उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जावरील व्याज." त्यावर आई दरवर्षी मटणाच्या पातेल्यावरचं झाकण उचलत माझ्या वतीनं "हजर" म्हणते. त्या वर्षी मी पुण्यात नोकरीला लागलेली होते. लॅपटॉप उघडून तुमचा आणि माझा कर शेजारीशेजारी मांडून दाखवला. मी म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून माझ्या कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून जाईल. जो भरतो त्यालाच वजावट, आणि मला ती जास्त फायद्याची आहे." तुम्ही तुमच्या कागदावरच्या त्या रकान्यावर बोट ठेवलंत.

"मग माझ्या फॉर्मात तू कुठं येशील?"

"कुठेच नाही. गरजही नाही."

"फॉर्मात नको येऊ," आई म्हणाली, "घरी येत जा म्हणजे झालं." तुम्ही "व्हय, बरोबर हाय तुझं" म्हणालात. तुमच्या गावाकडची बोली घरात अशी क्वचितच यायची. पुढच्या जुलैत तुमचं विवरणपत्र मी पुण्याहूनच भरून टाकलं. आईनं नंतर सांगितलं, त्या रविवारीही तुम्ही कागद घेऊन बसला होतात. विम्यापर्यंत वाचलंत आणि फाइल मिटलीत. त्याच थंडीत तुम्ही गेलात.

परवा घरी आल्यावर, चालणार नाही हे माहीत असूनही, मी धाकटीच्या व्याजाचा आकडा त्या रकान्यात टाकला. त्याच टेबलावर बसले होते. रकान्याचं नाव मोठ्यानं वाचलं, का ते सांगता येणार नाही. भाकरी थापता थापता धाकटीनं विचारलं, "कुणाशी बोलतेस?" आतल्या खोलीतून आई म्हणाली, "हजर."

मग मी आकडा खोडला आणि विवरणपत्र भरलं.

हे पत्र धाकटीलाही दाखवणार नाही. माझा त्या दिवशीचा हिशेब बरोबर होता, आजही तोच निघेल. पण तुम्ही हिशेबाचं विचारत नव्हतात, हे मला तेव्हाच कळलं होतं. मला कुणाच्याच रकान्यात राहायचं नव्हतं, म्हणून मी फक्त हिशेबाचं उत्तर दिलं.