नारिनचे दात, बिश्केकचा प्लॅन

३ मार्च, सकाळी
आजपासून ठरलं. एक्स-रे आल्याशिवाय कुठलाही प्लॅन करायचा नाही.
किरगिझस्तानच्या डोंगरातल्या नारिनहून गुल्झात एजेंनी, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत गुल्झातताईंनी, दातांचा थ्रीडी स्कॅन पाठवलाय. बुरुलाय नावाच्या बाई, वय बावन्न, पुढचे दात वाकडे. एजे साध्या दंतवैद्य, माझ्याहून थोरल्या. दात सरळ करण्यातला तज्ज्ञ मी. इथे राजधानीत, बिश्केकमध्ये बसून मी आखायचं, तिकडे त्यांनी करायचं. एक्स-रे मागितला. म्हणाल्या, मशीन बिघडलंय रे, आणि तुला कशाला हवा? तू नुसतं बघून ओळखतोस. खरंय ते.
प्लॅन वीस मिनिटांत तयार.

५ मार्च
एजेंनी ‘मंजूर’ दाबलं. चार सेकंदांत! काय हा विश्वास. प्लॅनच्या तळाशी माझी ओळ आहेच: अंतिम जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची. म्हणजे कायद्याने मी मोकळा. अक्षर जरा बारीक आहे, एवढंच.

१९ जून
दात झकास सरकताहेत. फोटो परिषदेत दाखवले, टाळ्या पडल्या. बाईंची परवानगी घ्यायची राहिली. चेहरा कुठे दिसतोय?

२ सप्टेंबर
एजेंचा फोन. पुढचे दोन दात हलताहेत. मी म्हटलं, थोडे हलणारच. त्या म्हणाल्या, बाई तेमिर-कोमुझ वाजवतात. दातांना टेकवून वाजवायचं लोखंडी वाद्य! रोज तीन तास, शाळेत शिकवतात. मी ओरडलो, सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, तू विचारलंस कुठे? फॉर्मवर रकानाच नव्हता.
फॉर्म मी बनवलाय. माझी आईही वाजवते.
आता कुठे मशीन दुरुस्त करून एजेंनी एक्स-रे काढलाय. दातांखालचं हाड आधीपासूनच झिजलेलं.

११ सप्टेंबर
बाईंच्या तक्रारीवरून आरोग्य खात्याचं दोघांना पत्र: बाईंचे डॉक्टर कोण? एजेंनी लिहिलं, बिश्केकचे तज्ज्ञ. मी लिहिलं, नारिनच्या एजे. फार वाईट वाटलं. पण पाठवलं.

१४ सप्टेंबर, दुपारी
बाई सहा तास प्रवास करून स्वतः आल्या. मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, तुम्ही कोण? सगळं एजेंनीच केलं असं त्या समजत होत्या. माझं नाव त्यांनी खात्याकडून आलेल्या पत्रातच पहिल्यांदा वाचलं.
मग त्यांनी खुर्चीत बसून तोंड उघडलं. सहा महिने माऊसने सरकवलेल्या दातांना आज पहिल्यांदा बोट लावलं. दोन्ही हलले.
त्यांनी विचारलं, डॉक्टर, मला पुन्हा वाजवता येईल ना?
मी म्हटलं, एजेंना विचारून सांगतो.