डावा स्क्रू

११ मार्च
तक हे-रिन. बालवाडीची शिक्षिका. वरचे दात पुढे आलेले. बान ते-ग्यूनं तिला दोन उपदाढा काढायला सांगितल्या होत्या. बान माझाच विद्यार्थी, आणि त्याला पहिली आठवते ती पक्कड! देगूतलं माझं भाषण ऐकून ती आली. "सर, तुम्ही म्हणालात, निरोगी दात काढणं हा डॉक्टरचा आळस. मला माझे दात हवेत."
शब्द दिला — एकही जाणार नाही. अक्कलदाढा आधीच काढलेल्या, मागे जागा आहे. अलायनरनी, म्हणजे दातांवर चढवायच्या पारदर्शक साच्यांनी, दाढा एकेक करून मागे नेऊ.

२५ मार्च
दाढांच्या वर, गालाच्या हाडात दोन्हीकडे एकेक स्क्रू बसवला. स्क्रूपासून अलायनरला रबर. ते ओढून धरतं, म्हणून दाढा मागे जाताना पुढचे दात पुढे रेटले जात नाहीत. रोज बावीस तास. काढायचं फक्त जेवताना.

६ मे
दाढा सरकताहेत. ऑक्टोबरात बुसानच्या परिषदेत हीच केस मांडायची.

२४ जून
डावीकडचे पुढचे दात आणखी पुढे. म्हणजे रबर लावत नाही.
"लावते, सर. डावा स्क्रूच हलल्यासारखा वाटतो."
"स्क्रू हाडात असतो, बाई. हलते ती माणसाची नियत."
बाकावर बसलेले रुग्ण हसले. माझ्या सहायक कुक मॅडम, वीस वर्षं माझ्या हाताखाली, हसल्या नाहीत. "चिमट्यानं बघू का, सर?" म्हणाल्या. नको म्हटलं. मी बसवलेला स्क्रू कुणी तपासायचं कारण नाही.

८ जुलै
तिला जेवणाच्या वेळा वहीत लिहून आणायला सांगितल्या होत्या. वहीत दिवसाला एकच जेवण. खोटं लिहायलाही थोडी कल्पकता लागते.
"दुपारी मुलांबरोबर बसून खायचा नियम आहे ना तुमच्यात?"
"ताट घेऊन बसते. खात नाही. मुलं म्हणतात, बाईंना आमची किमची आवडत नाही."
गालफडं बसलीत. सांगितलं, उपोषणानं दाढ सरकत नाही.

५ ऑगस्ट
डावीकडे अजून वाईट. सगळ्यांसमोर बोललो. शिस्त नसलेल्या माणसाला सुंदर दिसायचा हक्क नाही — असंच काहीतरी. वाक्य बरं होतं, भाषणात घेईन. ती रडली नाही. नवं अलायनर घातलं, रबर अडकवलं, वाकून नमस्कार करून गेली.
नंतर कुक मॅडम: "सर, जुन्या अलायनरवरच्या रबराच्या खाचा दोन्हीकडे सारख्याच झिजल्यात. पोरगी लावतेय."
"तुम्ही खाचा मोजू नका. अलायनर धुवा."

२ सप्टेंबर
आली नाही.

९ सप्टेंबर
बानकडे गेली म्हणे. जाऊ दे.

१७ ऑक्टोबर, बुसान
तरीही तिचीच केस दाखवली. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी, खाली ओळ : उपचार हरत नाही, रुग्ण हरतो. सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं. बान शेवटच्या रांगेत. प्रश्नांच्या वेळी त्याच्याकडे मुद्दाम पाहिलं. म्हटलं, विचार काहीतरी. त्यानं मान खाली घातली. घाबरट.
रात्री सगळ्यांबरोबर कच्ची मासळी, सोजूची दारू. खूप बोललो.

२१ ऑक्टोबर
टपालानं एक डबी आली. पाठवणारी तक हे-रिन. आत कापसावर एक स्क्रू आणि बालवाडीच्या मुलांना कित्ता घालून द्यावा तशा ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी : "डावा. बान सरांनी बोटानं ओढला, निघाला. दात फार पुढे गेले होते."
कापसाखाली दोन उपदाढा. भिंगाखाली धरल्या. कीड नाही. एक डागसुद्धा नाही.
कुक मॅडम दारातच उभ्या होत्या. अलायनर धुवायला गेल्या.