डावीकडची चकती

मी, खाली सही करणारी, पितळी मुठी, कड्या आणि बिजागऱ्यांच्या दुकानाची मालकीण, असे लिहून ठेवते की माझे शरीर थकले आहे, डोके नाही. डॉक्टरांनी सकाळीच तपासून तसा दाखला दिला आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबाव शेजारी दिवाणखान्यात आहे, आणि मधले दार नुसते लोटलेले आहे.

दबाव म्हणजे माझा मुलगा. आजारपणात औषधपाण्याची सोय म्हणून मी त्याला मुखत्यारपत्र दिले होते. त्याच्या जोरावर तो हे घर आणि खालचे दुकान विकायला निघाला आहे. गिऱ्हाईक आज तिन्हीसांजेला येणार. घराचे मूळ कागद दिवाणखान्यातल्या मोठ्या कपाटात आहेत. मी डोळे मिटून पडले असताना त्याने माझ्या उशाखालची चावी काढली. मी जागी होते. आत्ता तो कपाटाशी खटखट करतो आहे, म्हणून अक्षराला कोणी नावे ठेवू नयेत.

कलम पहिले. ते मुखत्यारपत्र मी रद्द करते. वकीलबाईंनी त्याचा वेगळा कागद करून दिला आहे. दोन साक्षीदार मागच्या जिन्याने येत आहेत, ते आले की दोन्हींवर सह्या होतील. त्याआधी कपाट उघडले आणि कागद गिऱ्हाइकाच्या हाती गेले, तर सुनेला जन्मभर कोर्टात चपला झिजवाव्या लागतील.

कलम दुसरे. घर आणि दुकान सुनेला. मुलगा असताना सून कशी, असे लोक विचारतील. विचारू देत. मुलगा तिला टाकून गेला, ती मला टाकून गेली नाही. माहेरी जा म्हटले तर म्हणाली, "आई, उद्या मुठी ओतून यायच्यात, जाऊ कशी?"

कलम तिसरे. ओतकामाचे सगळे साचे, कानशी आणि मलमलीचा जुना तुकडा तिलाच. आमच्याकडे प्रत्येक मुठीवरून मलमल फिरवतात. धागा अडकला की मूठ परत कानशीखाली. मुलाने एका बड्या घरच्या दिवाणखान्यासाठी वेलबुट्टीच्या मुठी निवडल्या आणि मलमल न लावताच धाडल्या. पहिल्याच मेजवानीत घरच्या बाईंची बाही टराटरा फाटली. "नक्षी बघायची असते, हात कोण लावतंय?" म्हणे. अरे, मूठ आहे ती! सुनेने तिथे जाऊन पान न् पान घासून दिले.

कलम चौथे. मला चारचौघांत 'भंगारवाली' म्हणणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला सर्वांत जड सिंहमुखी कडी द्यावी. दोन्ही हातांनी उचलावी.

आवाज थांबला. देवा!

नाही, पुन्हा सुरू झाला. अजून डाव्याच दाराशी आहे.

अशा दोनदारी कपाटाला कुलूप एकच, उजव्या दाराला. पण एकाच बाजूला किल्लीच्या भोकाभोवतीची पितळी चकती असली तर दुसरे दार बोडके दिसते, म्हणून डावीकडेही तशीच नक्षीची चकती बसवतात, भोकासकट. मागे नुसते लाकूड. दोन्ही भोकांवर पितळी पानाची झाकणी असते. आमच्या डावीकडची यानेच लहानपणी खेळताना तोडली. त्यामुळे खोटे भोक उघडे आहे, आणि खरे पानाखाली. ज्या घरात जन्मला त्या घराचा धंदा त्याला एवढाही कळला नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आता हत्यारांचा खण ओढला. दार फोडायला पटाशी शोधतो आहे. हे कपाट त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बनवले.

कलम पाचवे. ते कपाट मुलाला. राग आहेच, तो माझ्याबरोबर जाईल. पण मुलगा सकाळपासून जेवलेला नाही, हेही डोक्यातून जात नाही.

कलम सहावे. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून आमच्या दुकानातल्या पॉलिशवाल्यांना काही ठेवलेले नाही. त्यांनी रुसू नये.

जिन्यावर पावले वाजली. आले.

सही: दुकानाची मालकीण
साक्षीदार: १. डॉक्टर २. पॉलिशवाले
ठिकाण: माझी निजायची खोली
दिनांक: आजचाच, दुपार

खालचा मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही, असे डॉक्टर म्हणतात. तरी लिहिते.

पटाशी लाकडाला टेकल्याचा आवाज आला आणि मी ओरडले, "ते दार सोड रे! उजवीकडचं पान बाजूला सार!" पटाशी खणात पडली. मग कुलूप उघडले. कागद हातात घेऊन तो दारात आला, घामाने चिंब. आधी साक्षीदारांकडे बघितले, मग माझ्याकडे.

"आई, इतका वेळ ऐकत होतीस ना? मग आधी का नाही सांगितलंस?"

पॉलिशवाले शाईवर फुंकर घालत होते.

"सह्या व्हायच्या होत्या," मी म्हटले. "बस, जेवून घे."