गोळ्यांची वाटणी

माय,

आज रामदासपेठेत रक्त तपासायला गेले होते. घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही. आता धडधाकट माणसंही वर्षातून एकदा तपासून घेतात. सुई टोचणारी पोरगी म्हणाली, "मावशी, हसून काहून राहिल्या?" तिला काय सांगू? माझ्या डोळ्यांसमोर तू होतीस, पदर घट्ट धरून बाकावर बसलेली, आणि शेजारी छाती फुगवून बाबा.

मी लहान होते तेव्हाची गोष्ट. मोहल्ल्यातल्या शाळेत डॉक्टर फुकट तपासून देतात, हे कळल्यावर बाबा लुगडं विणता विणता मागावरून उठले आणि धुतलेला सदरा घालून निघाले. आपण किती ठणठणीत आहोत, हे त्यांना चारचौघांत ऐकायचं होतं. तू नुसती सोबत गेलीस, मलाही नेलंस. बाबांचं सगळं छान निघालं. डॉक्टरीणबाई तुला म्हणाल्या, "आल्याच आहात तर तुमचंही बघू." तू म्हणालीस, "मले काय झालं? चांगली हिंडून-फिरून राहिली मी." बाईंनी तुझी पापणी ओढून पाहिली, बोटातून रक्त घेतलं. रक्त फारच कमी होतं. असंच चाललं तर चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता एक दिवस कोसळाल, हृदयालाही झेपणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी येईपर्यंत बाबांची छाती पार खाली आली होती.

तुला रक्तवाढीच्या गोळ्यांची पुडी मिळाली. पालेभाजी, फुटाणे, गूळ खायचं, वरणावर लिंबू पिळायचं, गोळी चहासोबत घ्यायची नाही. तू सगळ्याला मान डोलावलीस, आणि मग जे केलंस ते तूच करू जाणे! आपल्या घरात एक पेरू आला तरी त्याच्या पाच फोडी व्हायच्या. तू गोळ्याही वाटल्यास. रोज सकाळी बाबांना एक, आम्हा तिघा भावंडांना एकेक आणि एक तुला. महिन्याची पुडी आठवड्यातच संपली, तेव्हा आपण सगळे पुन्हा बाईंकडे गेलो.

"संपल्या? कशा?"

"साऱ्यायले वाटल्या ना बाई. एकलीनं कशी खाऊ?"

बाईंनी कपाळाला हात लावला. आम्हा पोरांना तपासून घेतलं, आणि मग तुझी जी खरडपट्टी काढली! मोठ्यांच्या गोळ्या लेकरांच्या जिवावर बेतू शकतात, हे ऐकून तुझा चेहरा पांढरा पडला. शेवटी बाईंनी विचारलं, "तुम्ही जेवता कधी?"

"सारे झाल्यावर."

"तेव्हा काय उरतं?"

तू पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागलीस. बाईंनी बाबांकडे पाहिलं, तर त्यांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्यांनी कधी तुझ्या ताटाकडे पाहिलंच नव्हतं. फार राग आला होता मला त्यांचा.

त्या संध्याकाळी बाबांनी स्वतः तुझं ताट वाढलं. आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, लिंबाची फोड. "आज तू पहिले जेव वं."

"काहून? लोक काय म्हणतीन?"

"लोक कुठं हायेत इथं?"

तू बसलीस, भाकरीचा तुकडा मोडलास आणि हात तसाच राहिला. आम्ही भुकेली पोरं तुझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतो. "तुम्ही सारे पाहून राहिले, घास कसा उतरन?" बाबांनी जरा विचार केला आणि फर्मान काढलं, "चला रे, साऱ्यायनं भिंतीकडं तोंडं करा!" आणि पहिले तेच वळले.

आम्ही ओळीनं बसलोय, नाकं भिंतीला, पोटात कावळे. मागे भाकर मोडल्याचा आवाज येतोय. धाकटा खुदकन हसतो. "हसू नका रे, मायले जेवू द्या," म्हणता म्हणता बाबांचेच खांदे हलताहेत. पुढे कितीतरी दिवस हे चाललं. एकदा ऐन जेवणाच्या वेळी मामा आले, त्यांनाही पाटासकट भिंतीकडे फिरवलं! तुझं रक्त भरलं, आणि त्यानंतर तू आम्हाला चांगली भरपूर वर्षं लाभलीस.

हे पत्र काही तुला पोचणार नाही, म्हणून सांगून टाकते. त्या पहिल्या संध्याकाळी मी हळूच वळून पाहिलं होतं. तुझी भाकर संपली होती. आमच्या पाठींकडे एकदा बघून तू टोपल्यात हात घातलास आणि दुसरी घेतलीस. तुला स्वतःसाठी वाढून घेताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.