खिशातलं चुंबक

महाळुंगे,
गुरुवार, दि. ६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कस्तुरा हिला दादाचे आशीर्वाद.

आज सुट्टी. तुझा समाधान जेवून झोपलाय. तुझी सून अंजली बायकोपेक्षा नर्सच झालीय, घड्याळ लावून औषधाचे थेंब घालते. पट्टी निघाली. उजव्या डोळ्याला समोर धरलेली बोटं मोजता येतात, माणूस ओळखू येत नाही. किती सुधारेल ते डॉक्टर महिन्याने सांगतील.

फोनवर तू रडतेस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितोय.

दादानं वेळेत दवाखान्यात नेऊन डोळा वाचवला असं तू गावभर सांगतेस. ते थांबव.

आमच्या वर्कशॉपमध्ये मला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, तुला ठाऊक आहे. कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला की कंपनीच्या दवाखान्याआधी माझ्याकडे येतात. रुमालाचं टोक नाहीतर खिशातलं चुंबक, झालं काम. बावीस वर्षांत असे शेकड्यांनी काढले. मला त्याचा माज होता.

त्या दिवशी समाधान छिन्नीवर हातोडा मारत होता, चष्मा कपाळावर. छिन्नीचा टवका उडाला. बुबुळात रुतलेला तुकडा मला दिसत होता. तो म्हणाला, "मामा, दवाखान्यात जाऊ." मी म्हटलं, "गप बस, मी हाय ना." आणि चुंबक लावून तुकडा ओढला. मागून पाणी आलं. आसवं नव्हती ती, डोळ्याच्या आतलं पाणी होतं.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं, "कोणी काढलं?" समाधान पटकन म्हणाला, "माझ्याच हातानं निघालं." मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, रुतलेलं काढायचं नसतं, चोळायचं नाही, धुवायचं नाही. डोळ्यावर कागदी कप उलटा ठेवायचा, चिकटपट्टी लावायची आणि तसंच आणायचं. चहाचा रिकामा कप तेव्हा माझ्या मशीनवरच पडला होता.

परवा तपासणीला मी डॉक्टरांना खरं सांगितलं. रिक्षात समाधान चिडला. "मामा, आईला न्हाई सांगायचं. तिला माहेर म्हणून तुमीच उरलात." कस्तुरा, त्याच्यासमोर बसायची मला लाज वाटते.

चुंबक सुपरवायझरकडे देऊन टाकलं. काल कामावरचा बंटी डोळा चोळत आला, त्याचा हात धरून सरळ दवाखान्यात नेला.

वर 'दादा' लिहिलं ते सवयीनं. खाली नुसतं नाव लिहितो. पुढं मला काय म्हणायचं ते तू ठरव.

कोंडीराम