टपालवाले जिंकले

४ जून

चि. चिमणास अक्काचे अ. आ.

रविवारच्या पेपरातलं तुझं ‘अलीकडे आवडलेलं’ हे सदर वाचलं. त्या वकिलाच्या सिनेमाबद्दलचा मजकूर माझ्या मार्चच्या पत्रातला, वाघांच्या डॉक्टरच्या आत्मचरित्राबद्दलचा एप्रिलच्या. तेवढं मी हसण्यावारी नेलं असतं. लहानपणी माझ्या ताटातलं उचलायचास, तसंच हे.

पण फुटबॉलचा तो सामना का घेतलास? यांना शेवटी शेवटी दिसत नव्हतं. मी यांचा हात धरून बसले होते आणि चेंडू आपल्या लोकांकडे आला की दाबत होते. गोल झाला तेव्हा सगळ्या मैदानाच्या आधी हे ओरडले. हे मी फक्त तुला लिहिलं होतं. तू यांचा ‘एक आजारी मित्र’ केलास आणि हात धरून बसलास तू! पेपर वाचून आधी रडले, मग डोकं फिरलं. पुढच्या रविवारी छाप, की ती आठवण माझ्या बहिणीची आहे. एवढंच मागते.

लेकीला गोड पापा.

तुझी अक्का

१० जून

ती. अक्कास चिमणचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसूच आलं. अगं, घरातल्या घरात कसली चोरी? त्या हातावर वाचकांची ढीगभर पत्रं आली. संपादक तर सदराचं पुस्तक काढायचं म्हणतात. आता मध्येच बहिणीचं नाव घातलं तर माझी शोभा होईल. भाऊजी असते तर त्यांनीही सोडून दिलं असतं.

तेव्हा राग सोड. तुझ्या घरासमोरच्या मैदानावर अंतिम सामना आहे ना? तो बघ आणि सविस्तर लिही. खेळाचं पान मी उघडतसुद्धा नाही, माझं तुझ्यावर भागतं.

लोभ असाच पत्रातून येत राहू दे.

तुझा चिमण

१७ जून

चि. चिमणास अ. आ.

बरं बाबा, सोडला राग. काय सामना झाला म्हणून सांगू! टपालवाले विरुद्ध बंदरवाले. टपालवाल्यांचा गोलकीपर चांगला पोटसुटा, टक्कल पडलेला, पण गोलकडे येणाऱ्या चेंडूवर असा तुटून पडत होता की शेजारच्या आजोबांनी माझीच छत्री आनंदानं मोडली. शेवटी टपालवाल्यांनी करंडक उचलला आणि गोलकीपर खांबाला मिठी मारून रडला.

हवं ते घे. माझं नावबिव नको घालूस.

तुझी अक्का

२७ जून

अक्का,

आज नमस्कार नाही. करंडक बंदरवाल्यांनी जिंकला! आमच्याच पेपरात त्यांचा फोटो होता, आणि माझ्या सदरात टपालवाले जिंकले. संपादकांनी सगळ्यांसमोर विचारलं, की सामना पाहिला होता का. मी भडकून सांगून बसलो, की अक्कानंच चुकीचं कळवलं. मग त्यांनी सिनेमाचं विचारलं, पुस्तकाचं विचारलं, आणि तेही तुझ्याच पत्रांतलं निघालं. सदर गेलं. पुस्तकही गेलं.

घरी आलो तो जिन्यावरच बसलो. बूट काढायचंही सुधरेना. लेक शेजारी येऊन बसली. तिनं विचारलं, की बाबा, तुम्हाला स्वतःला आवडलेलं असं काय आहे? मी खूप आठवून पाहिलं. एकही सिनेमा, एकही पुस्तक आठवेना. वाकून तिनं माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. झालं ना समाधान?

चिमण

५ जुलै

चि. चिमणास अक्काचे अ. आ.

बंदरवाले जिंकले ते मी मैदानात उभी राहून बघितलं. माझ्या वर्गातली कॉपी करणारी पोरंसुद्धा निदान उत्तर पडताळून बघतात रे.

तुझ्या संपादकांचं पत्र आलं. सदर यापुढे मी लिहावं म्हणतात. मी लगेच हो कळवलं. पहिल्या लेखाला विषयही शोधावा लागला नाही. तुझं पत्र मिळालं. अलीकडे इतकं आवडलेलं दुसरं काही नाही. जन्मात पहिल्यांदा तू स्वतःचं लिहिलंस. वाचताना मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? पाठवू नये असंही वाटलं. मग यांचा हात आठवला आणि पाकीट पेटीत टाकलं.

येत्या रविवारी येईल, माझ्या नावानं. जिना तोच आहे, बूटही तेच, फक्त जिन्यावर मी बसले आहे. आणि नाड्या सोडणारी लेक माझी केली आहे. मला मूल नाही, हे वाचकांना कुठे ठाऊक?

माझा लोभ आहेच. तुझा या वेळी मागत नाही.

तुझी अक्का