अक्षय्य तृतीयेचे भोपळे

टार्निट, मेलबर्न

ती. आईस,

यामिनीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना उतरताना बाबांचा हात धरतेस ना?

गेल्या वर्षी तुझ्या सांगण्यावरून मी अक्षय्य तृतीयेलाच भोपळ्याचं बी टोचलं. पण तेव्हा इथे थंडी सुरू होते, हे आपण दोघीही विसरलो! सगळी रोपं काळी पडली. शेजारची लिंडा म्हणाली, “नो वरीज मेट, स्प्रिंगमध्ये लाव.”

मग दिवाळीत पुन्हा लावलं. खत भाज्यांच्या सालींचं, फवारणी अजिबात नाही. यंदा अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पेरणी नाही, थेट तोडणी! दोन भोपळे तर लिंडाच्या कुंपणापलीकडे लोंबतायत.

तू म्हणायचीस, वेलाजवळ माणसाचा वावर हवा. तो भरपूर आहे. तुझे जावई सलिलराव सकाळी पाणी घालतात, दुपारीसुद्धा वेलापाशीच असतात.

दुपारी घरी कसे, हे फोनवर विचारू नकोस. फोन स्पीकरवर असतो आणि सलिल ऐकतो. दुसरी नोकरी मिळेलच, माझी खात्री आहे.

तोवर त्याला भोपळ्यांचं विचार. ते त्याने वाढवलेत.

तुझीच,
यामिनी